उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते: काळ्या मातीवरच्या घराची भेग कुठून तपासायला सुरुवात करावी

अकोला, अमरावती, बुलढाणा या पट्ट्यात घरदुरुस्ती करताना माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच: "भाऊ, दर दिवाळीला भेग बुजवतो अन् दर मे महिन्यात ती तिथंच उघडते." यवतमाळ, परभणी, नांदेड, लातूर, सोलापूर, जळगाव, जिथं जिथं खोल काळी माती आहे तिथल्या लोकांनाही हे ओळखीचं असेल. पुट्टी, क्रॅक फिलर, जाळी मारून गिलावा, सगळं करून झालेलं असतं. पैसे जातात, भेग राहते. भिंतीत दिसणाऱ्या या भेगेचा दोष पायाखालच्या ओलाव्यात असतो, आणि घराच्या एका बाजूला माती ओली नि दुसऱ्या बाजूला कोरडी का आहे, हे कुणी फिरून पाहिलेलं नसतं. ते कसं पाहायचं, आणि कुठं थांबून जाणकाराला बोलवायचं, ते सांगतो.

आधी लक्षणं

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील तर पायाखालच्या मातीकडे वळा:

- खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग. विटांचं बांधकाम उघडं असेल तर ती सांध्यासांध्यातून पायऱ्यांसारखी चढत गेलेली दिसते.
- भेगेची रुंदी ऋतूप्रमाणे बदलते. मे-जूनमध्ये नख आत जातं, सप्टेंबरमध्ये जात नाही.
- दाराची चौकट कोनात राहत नाही. कडी एका ऋतूत बसते, दुसऱ्या ऋतूत बसत नाही.
- ओटा, पायऱ्या, पोर्च किंवा मागाहून जोडलेलं संडास-बाथरूम मूळ घरापासून सुटतं. मधली फट वर जास्त, खाली कमी असते.
- खोलीच्या मधोमध फरशीला उंचवटा येतो, किंवा भिंतीलगत फरशी आणि स्कर्टिंगमध्ये फट पडते.
- कंपाउंडची भिंत सापासारखी वाकडी होते. ती हलकी असते आणि तिचा पाया उथळ असतो, म्हणून ती घराच्या आधी हलते. कंपाउंड चिरलेलं दिसलं की घराकडे लगेच लक्ष द्यावं.

दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या भिंती जास्त चिरतात. तिकडे ऊन जास्त वेळ पडतं आणि माती अधिक खोल सुकते.

पायाशी संबंध नसलेल्या भेगा

या आधीच बाजूला काढल्या तर अर्धी घरं घाबरायची थांबतील. स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यात आडवी, सरळ रेषेत जाणारी भेग ही बहुतेक वेळा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याची असते. ती वरच्या मजल्यावरच दिसते. कॉलम आणि विटांची भिंत जिथं भेटते तिथली सरळ उभी रेष म्हणजे काँक्रीट आणि वीट या दोन वेगळ्या वस्तूंचा सांधा. तिथं गिलाव्याआधी जाळी मारलेली नसते. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील तर तो गिलावा लवकर सुकला किंवा त्याला पाणी कमी मारलं गेलं. आणि कॉलमच्या किंवा बीमच्या लांबीने जाणारी, तांबूस डाग असलेली भेग ही सळई गंजल्याची. तिचा मातीशी संबंध नाही, पण तिच्याकडे दुर्लक्ष करू नका, ते वेगळं आणि गंभीर काम आहे.

दार फक्त पावसाळ्यात घासत असेल, चौकट मात्र कोनात असेल, तर लाकूड फुगलं आहे एवढंच. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही सारखे भरले तर सुताराला बोलवा, मला नको.

माती नेमकं काय करते

आपल्याकडची काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे पाणी मधे घेतात आणि एकमेकांपासून दूर सरकतात. पाणी गेलं की पुन्हा जवळ येतात. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या हातभर खोल भेगा हाच प्रकार. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर मातीत सोडियम जास्त, त्यामुळे फुगणं आणखी जास्त, आणि मातीचा थर इतका खोल की मुरूम लागेपर्यंत पाया नेणं परवडत नाही.

जुनी गावठाणं पांढरीवर बसलेली आहेत, काळी शेतीला ठेवलेली होती. गेल्या काही दशकांत शहरं वाढली तशी एन.ए. लेआउट सरळ कापसाच्या आणि तुरीच्या शेतात पडले. म्हणून आजोबांच्या मातीच्या घराला जे झालं नाही ते नातवाच्या सिमेंटच्या घराला होतं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढची प्रत्येक तपासणी तिच्यावर उभी आहे. सगळं घर एकसारखं वर गेलं आणि एकसारखं खाली आलं तर भिंत चिरणार नाही. भिंत चिरते ती एक कोपरा वर आणि दुसरा खाली गेला की. म्हणून आपण शोधायचा तो ओलाव्यातला फरक.

पहिली तपासणी: पेन्सिल, टेप आणि तारीख

काही फोडू नका, काही भरू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. जिथं ती सगळ्यात रुंद आहे तिथं भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक खिळा ठोका आणि दोन खिळ्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. महिन्यातून एकदा मोजा. मोबाइलवर फोटो काढताना शेजारी पट्टी धरा, नाहीतर फोटोवरून काही कळत नाही.

काही जण भेगेवर काचेची पट्टी चिकटवतात. काच फुटली की भेग हलली एवढं कळतं, किती आणि कुठल्या दिशेने ते कळत नाही. खिळे बरे.

हे का करायचं? तीन प्रकारच्या भेगा असतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा. वर्षानुवर्षं न हलणारी भेग जुनी झाली, ती साध्या मसाल्याने बुजवता येते. ऋतूप्रमाणे उघडझाप करणारी भेग पाण्याचा बंदोबस्त केला की बहुतेक वेळा आटोक्यात येते. आणि दरवर्षी थोडी उघडत जाऊन परत न मिटणारी भेग म्हणजे पाया एका बाजूला खचतो आहे; तिथं घरगुती उपाय चालत नाहीत. या तिघींपैकी कोणती आपली, हे पेन्सिलशिवाय कुणालाही सांगता येणार नाही, इंजिनिअरलाही नाही.

भेगेचा आकारही पाहा. वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर घराची टोकं खाली जात आहेत किंवा मधला भाग उचलला जातो आहे. खाली रुंद आणि वर निमुळती असेल तर उलट: मधला भाग बसतो आहे किंवा कडा उचलल्या जात आहेत. उन्हाळ्यात कडेची माती सुकून कोपरे बसतात, म्हणून मे महिन्यात पहिला प्रकार जास्त दिसतो. पहिल्या पावसाचं पाणी जमिनीतल्या भेगांतून थेट खोल जातं आणि कडा अचानक फुगतात, म्हणून मृग लागल्यावर पंधरा-वीस दिवसांत घरात टकटक आवाज येण्याच्या तक्रारी येतात.

दुसरी: घराभोवती एक सावकाश फेरी

ही तपासणी फुकट आहे, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घरं इथंच बरी होतात. हातात एक १० मि.मी.ची सळई घ्या, टोक थोडं घासून अणकुचीदार करा. उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, भिंतीपासून दीड-दोन फुटांवर दर चार-पाच पावलांनी ती हाताने जमिनीत दाबा. कुठं किती आत गेली ते घराच्या नकाशावर लिहा. आधी पाण्याच्या आणि विजेच्या लाइन कुठून गेल्या आहेत तेवढी खात्री करा.

अकोल्याजवळच्या एका लेआउटमधलं घर आठवतं. हॉलच्या खिडकीखाली तिरपी भेग, तीनदा भरलेली. सळई अंगणात सगळीकडे चार बोटंही जाईना, जमीन दगडासारखी. पण बेडरूमच्या खिडकीखाली ती एका हाताच्या जोरात कोपरभर आत गेली. मी विचारलं, "काकू, कूलरचा पाइप कुठं सोडलाय?" त्या म्हणाल्या, "मोगऱ्याच्या वाफ्यात. एवढं पाणी वाया कशाला घालवायचं?" मार्च ते जून, दिवसरात्र, त्या एका कोपऱ्याखालची माती ओली आणि फुगलेली, बाकी घर सुकत चाललेलं. भेग कूलरपाशी नव्हती, ओल्या आणि कोरड्या मातीच्या सीमेवर होती. म्हणून पाणी भेगेखाली शोधू नका, तिच्या दोन्ही बाजूंना दहा-बारा फुटांपर्यंत शोधा. पाइप लांब करून पाणी कंपाउंडजवळच्या झाडांना सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात भेग उघडली, पण जेमतेम, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही ती भरली.

फेरीत हेही पाहा: गच्चीचे पन्हाळ आणि पाइप कुठं पडतात, टाकी भरून वाहते तेव्हा पाणी कुठं जातं, एसीचा ठिबकणारा नळ, कपडे धुण्याचा दगड, भिंतीला चिकटून केलेले फुलझाडांचे वाफे, शेजाऱ्याच्या गच्चीचं पाणी. पाणी जातं कुठं हे पावसात छत्री घेऊन पाहिलेलं सगळ्यात चांगलं. जोत्यालगत डबकं साचत असेल तर बाकी सगळ्याच्या आधी ते बंद करा.

तिसरी: गळती

सळईने कोरड्या दिवसांत ओली जागा दाखवली आणि वर कूलर, वाफा काही नाही, तर जमिनीखालचा पाइप गळतो आहे.

पिण्याच्या पाण्याच्या लाइनसाठी: रात्री सगळे नळ बंद करा, टाकीत काठी उभी करून पाण्याची पातळी खूण करा, सकाळी बघा. कमी झाली असेल तर टाकीनंतरच्या लाइनमध्ये किंवा फ्लशमध्ये गळती आहे.

सांडपाण्यासाठी: एका बादलीत कपड्याची नीळ कालवा आणि बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये ओता. बाहेर चेंबरचं झाकण उघडून दुसऱ्याला उभं करा. निळं पाणी लगेच आणि जवळजवळ पूर्ण आलं पाहिजे. उशिरा आलं किंवा थोडंच आलं तर ते वाटेत जमिनीत जातं आहे. चेंबरसाठी त्याचं बाहेर जाणारं तोंड वाळूच्या भरलेल्या पिशवीने बंद करा, पाणी भरा, खूण करा, अर्ध्या तासाने पाहा. विटांचे जुने चेंबर आतून गिलावा सुटून गळतात, आणि ते बहुधा भिंतीपासून दोन-तीन फुटांवरच असतात.

गळणारा पाइप बदलताना एक काळजी: चर खोदला तर तो पुन्हा वाळूने भरू नका. काळ्या मातीत वाळूचा चर म्हणजे पाणी थेट पायाखाली नेणारा नाला होतो. मुरूम ओला करून थराथराने धुमसाने ठोकून भरा. तीच गोष्ट "पायाखाली वाळू टाकली की काळी माती काही करत नाही" या समजुतीची. वाळू स्वतः फुगत नाही हे खरं, पण ती पाणी सगळीकडे पसरवते आणि खालची माती लवकर भिजवते.

चौथी: झाडं

झाड उन्हाळ्यात मुळांवाटे मातीतलं पाणी ओढतं. काळ्या मातीत त्याचा परिणाम म्हणजे झाडाच्या बाजूची जमीन बाकीपेक्षा जास्त बसते. वड, पिंपळ, उंबर, निलगिरी यांच्यासारखी मोठी झाडं घरापासून निदान त्यांच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतकी दूर हवीत. छोट्या प्लॉटवर हे जमत नाही, मला माहीत आहे. मग फांद्यांची छाटणी दरवर्षी, उन्हाळ्याआधी करा. पानं कमी म्हणजे पाण्याची ओढ कमी.

भेगेला घाबरून मोठं झाड एकदम तोडू नका. त्या झाडाने वर्षानुवर्षं कोरडी ठेवलेली माती झाड गेल्यावर हळूहळू ओलावा घेते आणि फुगत राहते, कधी कधी काही वर्षं. झाड घराच्या आधीचं असेल तर धोका जास्त. शिवाय परवानगीचा प्रश्न असतोच. झाडाचा निर्णय इंजिनिअरला विचारूनच.

पाचवी: जोत्याभोवतीची पट्टी

आता खर्चाची कामं सुरू होतात, पण हे काम मी कुठल्याही रंगकामाआधी करायला सांगतो. घराच्या चारही बाजूंनी निदान दीड मीटर रुंदीची पक्की, पाणी न मुरू देणारी पट्टी हवी. जागा असेल तर २ मीटर. उतार घरापासून बाहेर, ५० ला १, म्हणजे दीड मीटरला ३ सें.मी. पाणसळ ठेवून तपासा. बऱ्याच घरी पट्टी असते, पण उतार घराकडे झालेला असतो, किंवा भिंत आणि पट्टी यांच्यात बोटभर फट पडलेली असते आणि सगळं पाणी त्या फटीतून खाली जातं.

नवीन करायची असेल तर वरची फूटभर काळी माती काढा, मुरूम दोन थरांत ओला करून ठोका, त्यावर जाड प्लास्टिक कागद, त्यावर काँक्रीट. दर सव्वा-दीड मीटरला सांधा सोडा, आणि भिंतीलगतचा सांधा डांबराने किंवा लवचिक सीलंटने भरा, सिमेंटने नको. पट्टी हलणारच आहे. भिंतीशी घट्ट जोडलीत तर ती भिंतीला ओढेल.

पट्टीमुळे काय होतं? ऋतूप्रमाणे ओलं-सुकं होण्याचा खेळ भिंतीच्या खालून सरकून दीड मीटर बाहेर जातो. घराच्या कडेखालचा ओलावा बाराही महिने जवळपास सारखा राहतो. म्हणून चारही बाजूंनी करा. पैसे नाहीत म्हणून फक्त भेगेच्या बाजूला केली तर फरक कमी होण्याऐवजी वाढू शकतो.

वेळ दिवाळीनंतरची. मेअखेरीस जमीन पूर्ण सुकलेली असताना झाकली तर पुढच्या पावसात ती बाजूने पाणी घेऊन पट्टीसकट उचलली जाते. भर पावसात तर मुरूम ठोकताच येत नाही.

सहावी: सेप्टिक टँक, शोषखड्डा, पाणी जिरवण्याचे खड्डे

काळी माती एकदा भिजली की तिच्यातून पाणी फार सावकाश मुरतं. शोषखड्डा भरलेलाच राहतो आणि त्याच्याभोवतीची माती कायम फुगलेली. तो जोत्यापासून निदान ५-६ मीटर लांब, प्लॉटच्या सखल कोपऱ्यात हवा. छतावरचं पाणी जमिनीत जिरवणं फार चांगलं काम आहे, आमच्या भागाला त्याची गरज आहे, पण खड्डा भिंतीला लागून नको. गाळणी लावून ते पाणी बोअरकडे न्या किंवा दूर न्या.

सातवी: फरशीखाली काय भरलंय

भिंती ठीक आहेत पण खोलीच्या मधोमध फरशी फुगते, अशी घरं बरीच भेटतात. यातल्या बहुतेक ठिकाणी पाया खोदताना निघालेली काळी माती तशीच जोत्यात भरलेली असते. बाहेर टाकायचा ट्रॅक्टरचा खर्च वाचतो, मुरमाचाही वाचतो. मग बंद जोत्याखाली वाफ व्हायला वाव नसल्याने ओलावा हळूहळू साचतो आणि माती मधून वर येते.

आधी फरशी टकटक करून ऐका. फक्त दोन-चार टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहिल्या असतील, आवाज पोकळ येत असेल, तर सांधे न सोडता टाइल्स घट्ट बसवल्याचा तो दोष. पण उंचवटा रुंद, बशी पालथी घातल्यासारखा, आणि आवाज भरीव असेल तर मधली एक फरशी काढून खाली हातभर खोदून पाहा. काळी माती निघाली तर उपाय एकच आहे: त्या खोलीची माती काढून मुरूम भरणं. काम कष्टाचं आहे, अवघड नाही. मात्र भिंतीच्या पायाला लागून खोदताना पायाच्या तळापेक्षा खाली जाऊ नका.

आठवी: मातीची घरगुती पारख

प्रयोगशाळेत फुगण्याची जी चाचणी होते तिचं साधं रूप घरी करता येतं. माती वरवरची नको. जवळपास कुठं खड्डा चालू असेल तर मीटरभर खोलीवरची घ्या. उन्हात पूर्ण वाळवा, कुटा, मैद्याच्या चाळणीने चाळा. सरळ उभ्या बाजूंचे दोन सारखे काचेचे ग्लास घ्या. दोन्हींत सारखीच माती टाका. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेल मिळत नसेल तर पेंटच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं. ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास हलवू नका. लहान मुलांपासून आणि गॅसपासून लांब ठेवा.

रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्ही थरांची उंची मोजा. रॉकेलमध्ये २० मि.मी. आणि पाण्यात ३८ मि.मी. असेल तर फुगणं ९० टक्के. भारतीय मानकाप्रमाणे ५० टक्क्यांच्या आत कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त आणि त्यापुढे अतिजास्त. घरच्या ग्लासात आकडा पाच-दहा टक्के इकडेतिकडे होणार, पण आपली माती कुठल्या गटात बसते ते कळतं. शंभराच्या पुढे असेल तर वरची सगळी पाण्याची कामं केल्यावरही थोडी हालचाल राहील, हे मनात धरून चला.

नववी: लेव्हल पाइप आणि ओळंबा

यासाठी एक चांगला गवंडी सोबत घ्या. पारदर्शक लेव्हल पाइपमध्ये बुडबुडा राहू न देता पाणी भरा आणि घराच्या चारही कोपऱ्यांवर जोत्याची उंची एकमेकांशी ताडून पाहा. एकदा मोजून निष्कर्ष काढू नका, १०-१२ मि.मी.चा फरक बांधतानाच राहिलेला असू शकतो. त्याच जागांवर पक्क्या खुणा करा, मे अखेरीस एकदा आणि सप्टेंबर अखेरीस एकदा मोजा. दोन मापांमधला बदल खरं सांगतो. कोणता कोपरा खाली जातो आणि कोणता वर येतो हे त्यातून कळतं, आणि पुढं इंजिनिअर आला तर ही वही त्याला मातीच्या रिपोर्टइतकीच कामाची असते. भिंतींना ओळंबा लावून वर-खाली अंतर लिहा.

भेग भरायची कधी आणि कशाने

सगळ्यात शेवटी. पाण्याची कामं झाल्यावर एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. मेमध्ये पूर्ण उघडलेल्या भेगेत कडक सिमेंट ठासलं की पावसाळ्यात भिंत मिटायला येते, तिला जागा मिळत नाही, आणि शेजारी नवी भेग पडते. म्हणून अजून थोडी हलणारी भेग इंग्रजी व्ही आकारात उघडून, धूळ झाडून, लवचिक अॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन फिलरने भरा. न हलणाऱ्या भेगेला सिमेंट-पॉलिमर मसाला चालतो. विटाच तुटल्या असतील तर भेगेला आडवे टाके घालावे लागतात, सळई किंवा काँक्रीटचे ठोकळे बसवून. ते माहीतगार माणसाचं काम.

इथं थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा

भेग ५ मि.मी.च्या पुढे गेली आणि अजून वाढते आहे. भेग भिंतीच्या आरपार आहे, बाहेरचा उजेड दिसतो. कॉलम किंवा बीमला तिरपी भेग आहे. ओळंब्यात भिंत इंचभर कललेली आहे. स्लॅब मधून झुकलेला दिसतो. दारं आठ-पंधरा दिवसांत एकदम अडकायला लागली. शेजारी खोल खोदकाम सुरू झालं आणि त्यानंतर भेग आली. यातलं एकही असेल तर माझ्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्याला आधी बोलवू नका, आणि केमिकल विकणाऱ्याला तर मुळीच नको. भिंत झुकलेली किंवा स्लॅब खाली आलेला असेल तर त्या खोलीत झोपणं त्याच दिवशी बंद करा.

आणि एक काम कधीही स्वतः करायचं नाही: पाया पाहण्यासाठी भिंतीलगत लांब चर खोदणं. पायाशेजारची माती त्याला धरून असते. पायाखाली नवा आधार द्यायचा असेल तर तो मीटर-सव्वा मीटरच्या तुकड्यांत, एक सोडून एक असा, आधीचा तुकडा पक्का झाल्यावरच देतात. सलग खोदल्यास भिंत खाली येऊ शकते. पावसाळ्यात तर हे काम सुरूच करायचं नाही.

इंजिनिअर मातीची तपासणी सांगेल. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि खासगी लॅबमध्ये ती होते. नुसती भारक्षमता मागू नका. फुगण्याची टक्केवारी आणि फुगण्याचा दाब हे दोन्ही मागा. एकमजली घराचं वजन त्या दाबापुढे कमी पडतं का, हे त्यावरून ठरतं.

घराला मागे खोली जोडायची किंवा वर मजला चढवायचा विचार असेल तर तो याच भेटीत बोलून घ्या, कारण भेगांची निम्मी कहाणी जोडखोलीपासून सुरू होते. जुन्या घराचा पाया एका पातळीपर्यंत खोल, नव्या खोलीचा दुसऱ्या, आणि भिंती एकमेकींत दात घालून जोडलेल्या. दोघांमध्ये २०-२५ मि.मी.चा मोकळा सांधा ठेवून नवी खोली स्वतःच्या पायावर उभी करायला सांगा. खोल काळ्या मातीत नव्या बांधकामाला अंडर-रीम्ड पाइल्स हा पर्याय विचारा: खाली घंटेसारखा फुगवटा असलेले खांब, फुगवटा साधारण खांबाच्या अडीच पट रुंद, खोली बहुधा साडेतीन मीटरच्या आसपास, जिथं ऋतूंचा ओलावा फारसा पोचत नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ते आपल्याच देशातल्या अशा मातीसाठी विकसित केले. त्यावरच्या बीमखाली ७५-८० मि.मी. पोकळी ठेवावी लागते, माती फुगली तर तिला बीमला न ढकलता वर यायला जागा मिळावी म्हणून. गवंडी ती पोकळी सवयीने भरून टाकतात. बीम भरायच्या दिवशी स्वतः साइटवर उभे राहा. मुरमाचा भराव करायचा असेल तर तो जाड आणि चिकट, न फुगणाऱ्या मुरमाचा हवा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी अशा थराचा अभ्यास करून तो कालव्यांच्या कामात रुजवला.

इंजिनिअर येण्याआधी एवढं एका फाइलमध्ये ठेवा: घराचा मंजूर नकाशा, पाया किती खोल आहे हे आठवणाऱ्या मिस्त्रीचा किंवा ठेकेदाराचा फोन, भेगांच्या मापांची तारीखवार वही, पट्टी धरून काढलेले फोटो, सळईच्या फेरीचा नकाशा, लेव्हल पाइपची मे आणि सप्टेंबरची मापं, आणि प्लंबिंगच्या लाइन कुठून गेल्यात त्याचं हाताने काढलेलं चित्र. भेट शक्यतो मेच्या शेवटच्या आठवड्यात ठेवा. तेव्हा भेगा सगळ्यात जास्त उघड्या असतात आणि काहीच लपत नाही.